दाखल्यावर बापाचं नाव

शनिवार, मार्च १९६७, सकाळ. शारजा आणि रास अल खैमा यांच्या मधल्या किनाऱ्यावरचा आमचा कॅम्प, टाइम ऑफिसची पत्र्याची केबिन. हजर: इब्राहिम परकार, टाइमकीपर, म्हणजे मी. हसनमियां काझी, टायपिस्ट. कॅल्विन टॉलिव्हर, वेल्डर, अमेरिकन. गैरहजर: फोरमन ड्रू. त्यांना विचारल्याशिवाय वेल्डर लोकांचं कुठलंही काम करायचं नाही, असा त्यांचा तोंडी हुकूम होता.

हजेरी मांडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, 'परकारसाहेब, नोकरीतल्या गमतीजमती लिहा.' गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की हीच सकाळ पुढे येते, आणि ती गमतीची नाही.

आधी तरुण वाचकांसाठी थोडं. तेव्हा अमिराती हा देश झाला नव्हता. दिरहॅम नव्हता. अल कुसैसला नुसती वाळू होती आणि शारजाच्या बाजारात, रोल्ल्याला, सामान आणायला जायचं म्हणजे जीप एकदा तरी रुतणार हे धरूनच निघायचं. समुद्रात तेल शोधणं चालू होतं आणि आमची कंपनी त्यातली लहानशी कंत्राटदार होती. पाइप जोडायचे, बार्ज म्हणजे समुद्रातला सपाट तराफा दुरुस्त करायची, माणसं पुरवायची.

तेलाच्या कामात तेल सगळ्यात महत्त्वाचं असं बाहेरच्यांना वाटतं. तेल जमिनीखाली असतं, ते कुठे जात नाही. जातात ती माणसं. कोण कामावर, कोण आजारी, कोण बार्जवर, कोण रजेवर, कोण न सांगता पळाला, हे ज्याला माहीत असतं तो टाइमकीपर. उद्या बार्ज उलटली तर पाण्यात किती जणांना शोधायचं हे त्याच्या यादीवरून ठरतं. म्हणून माझ्या याद्या चोख असत. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे.

यादीतली खरी डोकेदुखी नावांची. अवजड पाइप उचलणाऱ्या एकट्या रिगरच्या टोळीत आमच्याकडे तीन गुलाम मोहम्मद होते. पठाण एकच नाव सांगत. मल्याळी मंडळींच्या नावापुढे दोन इंग्रजी अक्षरं असत आणि ती कशाची हे विचारलं की चहा गार होईपर्यंत उत्तर चाले. एकदा एका गुलाम मोहम्मदच्या पायावर पाइप पडला आणि तार दुसऱ्याच गुलाम मोहम्मदच्या घरी गेली. तिथे रडारड झाली, आणि ज्याच्या घरी व्हायला हवी होती तिथे कुणाला पत्ता नाही.

त्यानंतर काझीचाचांनी फर्मान काढलं, 'नाव, बापाचं नाव, आडनाव. तीन खण. त्याशिवाय मी टाइप करणार नाय.'

काझीचाचा म्हणजे रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर झाडाखाली यंत्र मांडून वर्षानुवर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप केलेला माणूस. बापाचं नाव नसलेला कागद त्यांच्या लेखी कागदच नव्हता. 'अरे इब्राम, बापाचं नाव नाय तर माणूस कुणाचा?' असं ते मलाच दरडावत. त्यांच्या तीन खणांमुळे पुन्हा कुठली तार चुकली नाही. पद्धत चांगलीच होती.

कॅल्विन पहिल्यांदा केबिनमध्ये आला तेव्हा त्याचा काळा रंग आणि कुरळे केस बघून चाचा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना वाटलं, आपल्या जंजिऱ्याकडचा कुणी सिद्दी.

'या या! मुरुडचे काय? कुणापैकी?'

कॅल्विनने माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं, 'तुम्ही आमच्या गावाजवळचे आहात असं ते म्हणतायत.'

'सांग त्यांना,' तो म्हणाला, 'मला माझ्या गावाजवळचासुद्धा कुणी म्हणत नाही.'

तो हसला म्हणून आम्हीही हसलो. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं हे मला मेसची यादी करताना समजलं. कॅम्पात दोन मेस. एक गोऱ्या स्टाफची, एक आपल्या लोकांची. अमेरिकन पासपोर्ट म्हणजे पहिली मेस, असा नियम. मी त्याचं नाव तिथे घातलं. ड्रूसाहेबांनी ते खोडलं नाही. फक्त त्याच्या जेवणाची वेळ सगळ्यांच्या नंतरची केली. आठवडाभर एकट्याने थंड मटण खाऊन तो आमच्या मेसमध्ये आला आणि सुरमईच्या कालवणाला चिकटला, तो कायमचाच. मला तो 'पार्कर' म्हणायचा. त्याच्या गावात पार्कर नावाची बरीच घरं होती म्हणे. 'काळे की गोरे?' चाचांनी विचारलं. 'दोन्ही,' तो म्हणाला, 'पण एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.'

त्याला त्या एप्रिलात रजा हवी होती. का हवी, हे एका शुक्रवारी दुपारी जेवताना निघालं. चाचांना वाटलं होतं लग्न असेल.

'मतदानासाठी नाव नोंदवायला,' कॅल्विन म्हणाला.

'त्यासाठी एवढा समुद्र ओलांडून?' चाचा म्हणाले. 'आमच्याकडे यादीवाले घरी येतात. माझी बायको अंगठा लावणारी, पण मत देऊन येते. कागदावर चित्रं असतात, आवडेल त्या चित्रावर शिक्का मारायचा.'

मी ते कॅल्विनला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

'वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं? आणि परत कुणाला पाठवतात?'

'परत कशाला पाठवतील?'

मग त्याने सांगितलं. तो अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, कापसाच्या मुलखातला. त्यांच्या परगण्यात काळी माणसं निम्म्याहून जास्त, पण मतदारांच्या वहीत नावाला दोन-चार. नाव नोंदवायला कचेरीत गेलं की कारकून राज्यघटनेतलं एक कलम वाचायला द्यायचा आणि अर्थ विचारायचा. त्याचा बाप चर्चमध्ये बायबल वाचून दाखवणारा. त्याने कलम घडाघडा वाचलं, अर्थही सांगितला. कारकून म्हणाला, चूक.

'बरोबर काय होतं?' मी विचारलं.

'ते सांगायचं त्याच्यावर बंधन नव्हतं.'

बाप पुढच्या वर्षी पुन्हा गेला. या वेळी घरी परतेपर्यंत जमीनमालकाचा निरोप येऊन थांबला होता, पीक निघालं की घर खाली करा. त्यानंतर तो गेला नाही, आणि त्याच्या मागोमाग गावातलं दुसरं कुणीही गेलं नाही.

आता नवा कायदा होऊन ती परीक्षा बंद झाली होती. कॅल्विनच्या बहिणीने नाव नोंदवलं होतं. शरदात शेरीफची निवडणूक होती. शेरीफ म्हणजे आपला फौजदार, पण तिथे तो मतांवर निवडून येतो. पहिल्यांदाच एक काळा शेतकरी उभा राहणार होता. 'आमची सगळी नावं वहीत गेली तर तो येतो,' कॅल्विन म्हणाला. 'हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून नाव आत जाता जाताच अडवायचं. निवडणुकीआधी ठरलेल्या तारखेला वही बंद झाली की मग कितीही मोठी रांग लावा.'

त्याच्यापुढे अडचणी दोन होत्या. स्वतः कचेरीत हजर राहावं लागणार, तेही वही बंद होण्याआधी. आणि तो परदेशात असल्यामुळे 'तू इथला रहिवासीच नाहीस' असं म्हणायला त्यांना जागा होती. म्हणून कंपनीचा दाखला हवा: हा माणूस आमच्याकडे नोकरीपुरता आहे, त्याचं कायमचं घर अमुक परगण्यात आहे.

पहिली अडचण माझ्या हातातली होती. त्याची रजा एप्रिलात येत होती, पण फोरमनकडून सुधारून आलेल्या यादीत ती जुलैत गेली होती. कारण लिहिलेलं नव्हतं. मी जुनी यादी, नवी यादी आणि कंपनीचा नियम, की वर्षापेक्षा जास्त कुणालाही सलग ठेवायचं नाही, असे तिन्ही कागद घेऊन ड्रूसाहेबांकडे गेलो. ते कॅल्विनच्याच राज्यातले होते.

'यादी तू करतोस की मी?' त्यांनी विचारलं.

'यादी मी करतो, सर. सही तुम्ही करता. वर्ष उलटलं आणि याला बार्जवर काही झालं तर विमावाले सही कुणाची ते बघतील.'

मग त्यांनी एप्रिल केलं आणि म्हणाले, 'पार्कर, तो घरी कशाला चाललाय ते तुला माहीत आहे?'

'रजेच्या फॉर्मवर कारणाचा खण नाही, सर.'

दुसरी अडचण म्हणजे दाखला. शनिवारी ड्रूसाहेब बार्जवर गेलेले बघून कॅल्विन केबिनमध्ये आला. मजकूर मी सांगितला, चाचांनी टाइप केला. अधेमधे चाचांनी मोडक्या इंग्रजीत त्याला काहीतरी विचारलं, त्याने उत्तर दिलं, यंत्र खडखडत राहिलं. कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यावर होतं, कॅल्विन इझीकिएल टॉलिव्हर.

'चाचा, हे मधलं काय?'

'त्याच्या बापाचं नाव. विचारून घातलंय.'

'अहो, त्यांच्यात मधलं नाव बापाचं नसतं. पासपोर्टवर जेम्स आहे.'

'मग बापाचं नाव लिहितात कुठे?'

'लिहीतच नाहीत.'

चाचांना ते पटलं नाही. तरी त्यांनी कोरा कागद यंत्रात घातला. कॅल्विनने टाइप झालेला कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचला. खिडकीजवळ नेऊन पुन्हा वाचला.

'राहू दे,' तो म्हणाला.

'दोन मिनिटांचं काम आहे. नावात फरक नको.'

'पार्कर, माझा बाप त्या कचेरीत दोनदा गेला. दोन्ही वेळा त्याला "ए इझी" म्हणून बोलावलं. पूर्ण नाव तिथे कुणी उच्चारलं नाही. आता वाचू देत त्यांना.'

मी म्हणालो, हा सरकारी कामाचा कागद आहे, भावनेचा नाही. तो म्हणाला, कागद माझा आहे. चाचा काय चाललंय ते न कळता आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मी त्यांना सांगितलं, त्याला तसाच आवडलाय. चाचांना एवढा आनंद झाला की त्यांनी कार्बनची प्रत फुकटात फाइल कव्हर लावून दिली. 'बघ इब्राम, अमेरिकन माणसालासुद्धा आपली पद्धत पटली.'

सही कशी घेतात तेही सांगतो. मॅनेजरसाहेब इंग्रज होते. त्यांच्या टेबलावर रोज सकाळी एक ट्रे जायचा, त्यात रजेचे, आजाराचे, पाण्याच्या टँकरचे कागद. ते चहा पिता पिता सह्या करत. वरचे चार वाचत, बाकीचे नाही. मी दाखला मधोमध ठेवला. सही होऊन आला.

कॅल्विन एप्रिलात गेला, जूनच्या आधी परतला. मेसमध्ये आला, कालवण घेतलं, चाचांना सलाम केला. त्यांनी विचारलं, 'काम झालं?' तो म्हणाला, 'इन्शाल्ला.' हा शब्द तो इथेच शिकला होता.

मला त्याने दुसऱ्या दिवशी यार्डात सांगितलं. कचेरीबाहेर एक माणूस खुर्ची टाकून बसलेला, रांगेतल्या प्रत्येकाचं नाव आणि गाडीचा नंबर उघडउघड टिपत होता. कायद्याने त्यालाही बंदी नव्हती. आतला कारकून नम्रपणे बोलला. दाखला सावकाश वाचला. मग म्हणाला, हा कागद कॅल्विन इझीकिएल टॉलिव्हर या माणसाचा आहे. तू कॅल्विन जेम्स. तू इथला रहिवासी आहेस याचा तुझ्याकडे काय पुरावा? कॅल्विनने पासपोर्ट दाखवला. तो म्हणाला, यावरून तर तू परदेशात राहतोस हेच दिसतं. नीट कागद घेऊन ये, आम्ही नाही कुठे म्हणतोय?

'आणि वही?'

'ज्या दिवशी कागद दुरुस्त होऊन येऊ शकला असता, त्याच्या आधी बंद.'

तो पुढे म्हणाला, 'बापाचं नाव नसतं तर त्यांनी दुसरं काहीतरी काढलं असतं. पण शोधावं तरी लागलं असतं. मी त्यांचे कष्ट वाचवले.'

एवढ्यावर भागलं नाही. बहिणीची शाळेतल्या स्वयंपाकाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. तिचं नाव वहीत आधीपासून होतं, पण भावाला गाडीतून घेऊन ती आली होती आणि गाडीचा नंबर तिचा होता. दुकानदाराने उधारी बंद केली. गावातली आणखी काही माणसं नाव नोंदवायच्या तयारीत होती, ती थांबली. शरदात तो काळा शेतकरी थोडक्यात पडला. बातमी बहिणीच्या पत्रातून आली. कॅल्विनने पत्र वाचलं, घडी केली, हेल्मेट घातलं आणि कामाला गेला. त्याच्या त्या दिवशीच्या जोडांपैकी तपासणीत एकही नापास झाला नाही.

चाचांना यातलं काही सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं. 'म्हाताऱ्याने मला दिलेली ती भेट होती.'

पुढच्या वर्षी त्याचा करार संपत आला तेव्हा तो म्हणाला, 'मी कायमचा घरी जातोय. पण परदेशात काढलेली वर्षं माझ्यावर उलटवतील. तू नवखा आहेस, अजून थांब, म्हणतील. मला पुन्हा एक दाखला करून दे. या वेळी जेम्स.'

टाइप अर्थातच चाचांनी केला. मी म्हणालो, 'मधे जेम्स घाला, इझीकिएल नको.' त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

'गेल्या खेपेला पटलं होतं त्याला.'

'या खेपेला ऑफिसला तसंच हवंय.'

'कसली माणसं ही,' चाचा एकेक अक्षर आपटत म्हणाले. 'बापाचं नाव काढायला लावतात.'

मी खाली मान घालून हजेरी लिहीत राहिलो.

दाखला मी ट्रेमध्ये मधोमध ठेवला. दुपारी बाकी सगळ्यांवर सह्या होऊन आल्या, त्याच्यावर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच आला. तिसऱ्या दिवशी मी तो हातात घेऊन आत गेलो. मॅनेजरसाहेब चांगला माणूस होता, माझ्या मुलाच्या तापात त्याने स्वतःची गाडी दिली होती. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, 'ड्रूशी बोलणं झालंय. त्यांच्या मुलखात यावरून तणाव आहे म्हणे. कंपनीने राजकारणात पडावं का, हे मला वर विचारावं लागेल. ठेव तिथे.'

'सर, यात राजकारण नाही. तो कुठला आणि इथे किती वर्षं होता, एवढंच आहे. दोन्ही माझ्या यादीत आहे.'

'माहीत आहे, परकार. बघतो मी.'

ड्रूसाहेब संध्याकाळी केबिनच्या दारात आले. आवाज अजिबात चढवला नाही. 'मी त्याच्याच भल्यासाठी सांगतोय,' ते म्हणाले. 'तिकडे असल्या कागदांनी माणसाला इजा होते. तुला कळायचं नाही.'

मला कळत होतं. दोन वर्षांत त्या लोकांपैकी एकानेही कॅल्विनला 'नाही' म्हटलं नव्हतं. रजा दिली, पण नंतरची. जेवण दिलं, पण सगळ्यांच्या मागून. कारकून म्हणाला, नीट कागद आण. साहेब म्हणाले, बघतो. माझं सगळं आयुष्य याद्या करण्यात गेलं. यादीतून माणूस कमी करायचा तर खोडावं लागतं आणि खोडलेलं दिसतं, असं मी समजत होतो. न खोडताही करता येतं हे मला त्या कॅम्पात कळलं.

कॅल्विन दाखल्याशिवाय गेला. जाताना चाचांनी त्याला बरणीभर सुक्या जवळ्याची चटणी दिली आणि मी त्याच्या बहिणीचा पत्ता लिहून घेतला. सही झाली की तिथे पाठवायचं ठरलं. तो म्हणाला, 'घाई नाही, पार्कर. निवडणुका येत राहतील.'

मी रोज ट्रेमध्ये कागद ठेवत राहिलो. मॅनेजर बदलले, नवे म्हणाले, हा माणूस आता आपल्याकडे नाही, मी कशी सही करू? मग कंत्राट संपलं, कंपनी निघून गेली. चाचा गावी गेले आणि तिथेच वारले. त्या दाखल्याचं पुढे काय झालं हे त्यांना कधी कळलं नाही. कॅल्विनचं नाव वहीत गेलं की नाही, हे मला कळलेलं नाही.

ही हकिगत परवा मी मुलीला सांगितली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, 'बट अब्बा, नोबडी सेड नो!' तेच तर, मी म्हणालो, आणि पुढे मला समजावता आलं नाही.

बहिणीचा पत्ता घातलेलं पाकीट माझ्याकडे आहे. सही आता मिळणार नाही हे उघड आहे. पण कंपनीने दाखला नाकारला नव्हता, मी तो रोज पुढे ठेवत होतो आणि कुणी सही केली नाही, एवढं तरी त्या घरी लेखी कळवायला हवं. कॅल्विन आता तिथे असो वा नसो, पाठवणाऱ्याचं नाव मी पूर्ण घालणार आहे, तीन खणांत. पत्राची पहिली ओळ अजून लिहायची आहे.